हाकललेलं मेंढरू

६ जानेवारी
आले बाई एकदाची शहरात! फुलंब्रीहून रोज एसटीत लोंबकळण्यापेक्षा सिडकोतली ही खोली झकास आहे. खिडकीत ऊन, खाली चहाची टपरी, आणि नर्सची नोकरीही साधीसुधी नाही. आमच्या वॉर्डात कॅन्सरवर नव्या तऱ्हेची लस देतात. ज्याची गाठ, त्याचीच लस. गाठीचा तुकडा तपासून तिच्या पेशींत झालेला बदल शोधतात आणि शरीराला तेवढीच खूण ओळखून मारायला शिकवतात. डॉक्टर श्रेया मॅडम म्हणाल्या, एकाची खूण दुसऱ्यात सापडत नाही. आई म्हणते माझ्या पायाला भिंगरी आहे. बरंच झालं, इथं बसायला वेळच नाही.

१९ जानेवारी
माझ्या पहिल्या पेशंट सखूबाई. बिडकीनकडच्या मेंढपाळ, डाव्या काखेत गाठ. लस समजावून सांगितली तर हसल्या. म्हणाल्या, "व्हय की! आमी बी मेंढराचा कान कातरून खूण करतो. लाखात वळखू." आज डोस सुरू झाले. जेवताना त्यांनी मला आपल्या ताटातली भाकरी न् ठेचा भरवला. फार गोड बाई.

१६ फेब्रुवारी
गाठ गेली! स्कॅनमध्ये नावालाही नाही. वॉर्डात पेढे वाटले. सखूबाईंनी मात्र पेढा हातातच धरून ठेवला. मी छेडलं, तर म्हणाल्या, "मेली नाय ती, पोरी. हाकलली. हाकललेलं मेंढरू दुसऱ्याच्या कळपात शिरतं." मी खूप चेष्टा केली. घरी निघताना त्यांनी माझ्या डाव्या काखेखाली हात लावला आणि बराच वेळ काढलाच नाही. मला ते मुळीच आवडलं नाही.

२ मार्च
काखेत काहीतरी लागतंय. वाटाण्याएवढं. सरिता सिस्टर म्हणाली, या वॉर्डात सगळ्यांनाच असे भास होतात. तरी हात सारखा तिथंच जातो. बसले की उठते, उठले की येरझारा घालते. चहा निवून गेला.

९ मार्च
तुकडा तपासायला दिला. आईला सांगितलेलं नाही. मला भीती वाटतेय.

२३ मार्च
रिपोर्ट आला. कॅन्सर. आणि खूण — सखूबाईंची. जशीच्या तशी. नमुन्यांची अदलाबदल झाली असेल म्हणून मॅडमनी पुन्हा तपासलं. पुन्हा तीच. सखूबाईंची लस मला द्या म्हटलं. ती त्यांच्या शरीराच्या ठेवणीवर बेतलेली, तुझ्या शरीरात चालायची नाही, मॅडम म्हणाल्या. म्हणजे या गाठीला ओळखून मारणारं रक्त एकट्या सखूबाईंचं —

२५ मार्च
त्यांच्या मुलाचा, रामचा फोन. आई कातर घेऊन, मेंढरं हाकत शहराकडं निघाली, ऐकेना म्हणाला. एकच धोशा: आपलं रोगी मेंढरू चुकलंय, लोकाच्या कळपात नगं, आपुनच कापू. मी तर त्यांना काहीच कळवलं नव्हतं —

२६ मार्च, दुपार
गल्लीत घंटा. मेंढरांच्या. टपरी बंद. सगळा कळप माझ्या खिडकीकडं तोंड करून —

कडी लावलीय. गाठ हलली. खरंच हलली — दारापासून लांब, आत, बरगडीखाली —

सखूबाईंचा आवाज. मायेचा. "भिऊ नगं, पोरी. तुला नाय, माझ्या मेंढराला न्याया आले."

उघडू? गाठ मरेल. जगेन मी — पण ती आता पोटापर्यंत, गळ्यापर्यंत — ती कुठं संपते आणि मी कुठं सुरू होते, हे त्यांच्या कातरीला कसं —