औषधाच्या दुकानाकडचा कोपरा

गांगशान,
९ मार्च

चि. यी-रूस काकाचे आशीर्वाद, आणि काकूचे त्याहून थोडे जास्त.

पत्र पाहून घाबरू नकोस. घशाचं ऑपरेशन नीट झालं, पण स्वरयंत्र काढावं लागलं. आता मी फोन उचलला तर समोरच्याला नुसता श्वास ऐकू येतो आणि तो घाबरून फोन ठेवतो. मोबाइलवर अक्षरं दाबायला माझी बोटं जाड. म्हणून कागद-पेन. सुपारी सोडा, सोडा म्हणून काकू उभा जन्म ओरडली. आता त्यावर एक शब्द बोलत नाही, त्याचाच जास्त त्रास होतो.

वस्तीचं काम चालू आहे. लोकांनी पाचव्यांदा प्रमुख म्हणून निवडून दिलंय, तेव्हा नोव्हेंबरच्या निवडणुकीपर्यंत ओढायलाच हवं. लाउडस्पीकरवरच्या सूचना मी लिहितो आणि काकू वाचते. मी लिहितो, शनिवारी डासांचं औषध मारणार, खिडक्या बंद ठेवा. ती तेवढं वाचते आणि पुढे पदरचं घालते, की कोणाकोणाच्या कुंडीत पाणी साचलंय ते मला ठाऊक आहे, नावं घ्यायला लावू नका. पूर्वी माझ्या सूचना लागल्या की लोक खिडक्या लावून घेत. हल्ली उघडतात.

आता मुद्द्याचं. बाओ-झू गेली. लहानपणी तू जिच्याकडे मुळ्याच्या वड्या खायला पळायचीस, ती. बाजाराच्या चौकात, औषधाच्या दुकानाकडच्या कोपऱ्यावर, सिमेंटचा ट्रक वळला आणि त्याला ती दिसलीच नाही. नवऱ्याच्या रक्तदाबाच्या गोळ्या आणायला निघाली होती. ड्रायव्हर कोवळा होता, रस्त्याच्या कडेला बसून रडत होता. कोणाला काय बोलणार, आणि मी तर बोलूच शकत नाही.

त्या चौकात सिग्नल द्या म्हणून मी वर्षानुवर्षं अर्ज करतोय. आता ते कागद शहराच्या वाहतूक कचेरीत, तुझ्याच टेबलावर आलेत असं ऐकलं. काका नात्याचा फायदा घेतोय असं खुशाल समज.

लोभ आहेच, तो जेवण वेळेवर घेऊन वाढव.
तुझा काका,
छिंग-शुइ


काओशुंग,
२४ मार्च

ती. काका व काकूस शिरसाष्टांग नमस्कार.

बाओ-झू आजींचं कळलं होतं. अपघाताची नोंद आमच्याकडे येते, पण नोंदीत नाव नसतं, वय असतं. तुमच्या पत्रात नाव वाचलं आणि मग काम सुधरेना.

काका, सिग्नल मिळणार नाही. पुढचा सिग्नल इतका जवळ आहे की गाड्यांची रांग मागच्या चौकापर्यंत येईल. रागावू नका. गेल्या रविवारी मी तिथे येऊन सकाळभर उभी होते. घरी आले नाही, कारण आले असते तर काकूने मटणाच्या हंडीशिवाय सोडलं नसतं आणि मग चौक राहिला असता.

जे पाहिलं ते सांगते. तिथले कोपरे इतके गोलाकार आहेत की ट्रकला वेग कमी करायची गरजच पडत नाही. औषधाच्या दुकानापुढे गाड्या आणि स्कूटर थेट रस्ता ओलांडायच्या पांढऱ्या पट्ट्यांपर्यंत लागतात, त्यामुळे पाऊल टाकणारा माणूस वळणाऱ्याला दिसत नाही. आणि रस्ता एवढा रुंद की म्हातारं माणूस एका दमात पार होत नाही. उपाय साधे आहेत. चारही कोपरे फुटपाथ बांधून पुढे काढायचे म्हणजे वळण घट्ट होईल आणि ट्रकला वेग कमी करावाच लागेल, पट्टे थोडे मागे घ्यायचे, रस्त्याच्या मध्ये उभं राहून श्वास घ्यायला एक ओटा करायचा, आणि कोपऱ्याजवळचं पार्किंग बंद.

आमच्या कचेरीत याला किरकोळ कामं म्हणतात. काम किरकोळ असतं, भांडण नसतं. असे चौक माझ्याकडे ढिगाने आहेत आणि प्रत्येक सभेत तेच वाक्य ऐकते: मग गाडी लावायची कुठे? आता स्वप्नातही लोक मला हेच विचारतात. मी दमलेय काका, पण हा चौक सोडणार नाही. तुम्ही रहिवाशांची सभा बोलवाल का?

तब्येतीला जपा. आशीर्वादाचा हात असाच राहू द्यावा.
आपली पुतणी,
यी-रू


गांगशान,
२० एप्रिल

चि. यी-रूस आशीर्वाद.

पूर्वजांच्या थडग्यांची दरवर्षीची साफसफाई झाली. तुझ्या बाबांच्या थडग्यावरचं गवत मीच काढलं, तू आली नाहीस याबद्दल ते काही बोलले नाहीत. माझ्यासारखेच झालेत.

सभा देवळाच्या पटांगणात घेतली, तू पाठवलेला नकाशा भिंतीवर लावला. मी लिहिलं होतं: चौकातल्या सुधारणांबद्दल सभा, सर्वांनी यावे. काकूने ते वाचलं आणि जोडलं, की पार्किंग जाणार आहे, ज्यांच्याकडे गाडी आहे त्यांनी तर जरूर यावे. पटांगण भरलं. उत्सवालासुद्धा एवढी माणसं जमत नाहीत.

औषधवाला च्येन उभा राहिला. माणूस वाईट नाही, तुला माहीत आहे. तो म्हणाला की माझी गिऱ्हाइकं आजारी असतात, कोणी कमरेला पट्टा बांधून येतं, कोणी तापात येतं, त्यांना लांब गाडी लावायला सांगू का? त्याचंही खोटं नव्हतं. मग त्याने विचारलं, की हा नकाशा काढणारी बाई प्रमुखांची कोण लागते. मी पाटीवर उत्तर लिहायला घेतलं. लिहून होईपर्यंत लोक पुढच्या भांडणावर गेले होते. आवाज नसलेल्या माणसाने सभा घेऊ नये, एवढं त्या दिवशी शिकलो.

शेवटी बाओ-झूचा नवरा, म्हातारा ल्यू, काठी टेकत उठला. तो च्येनकडे बघून म्हणाला, “मला सिग्नल नको, ओटा नको. माझ्या गोळ्या तुझ्याच दुकानात मिळतात. मी तिथवर यायचं कसं, तेवढं सांग.”

सभा तशीच उठली. पण दुसऱ्या दिवशी त्याने जाहीर केलं की नोव्हेंबरमध्ये तो माझ्याविरुद्ध उभा राहतोय.

काकू म्हणते तुला आंबे पाठवते. घे म्हणजे झालं.
तुझा काका


काओशुंग,
३० मे

ती. काकांस साष्टांग नमस्कार.

आंबे पोचले. कचेरीत वाटले, त्यामुळे दोन दिवस माझ्याशी सगळे गोड बोलले.

आज आमच्या साहेबांनी बोलावलं होतं. तुमच्या वस्तीतून कोणीतरी वरपर्यंत फोन केलाय. साहेब म्हणाले, तीन कोपरे कर, औषधाच्या दुकानाकडचा तूर्त राहू दे, तीन झाले तरी पुष्कळ. मी म्हणाले की अपघात त्याच कोपऱ्यावर झाला. ते म्हणाले की मला माहीत आहे. ते दुष्ट नाहीत काका, त्यांनाही रोज असे फोन येतात.

खरं सांगू? पूर्वी मी भांडले असते. आता वाटतं, तीन तर तीन. अर्धवट कामं मी याआधीही केली आहेत आणि त्यांच्यावरून रोज बसने जाते. शिवाय तुमची निवडणूक आहे. तो कोपरा सोडला तर च्येनकडे बोलायला काही उरणार नाही आणि तुम्ही निवडून याल. सोडू का? तुम्ही म्हणाल तसं करते.

उत्तराची वाट पाहणारी,
यी-रू


गांगशान,
८ जून

यी-रू, तुला काकूचे आशीर्वाद.

हे पत्र तुझ्या काकांना माहीत नाही. त्यांची पत्रं आधी मीच वाचते, तेव्हा तू काय विचारलंयस ते मला कळलंय.

तो कोपरा सोडू नकोस. मला रस्त्यातलं काही समजत नाही, पण एवढं समजतं की कोपरा झाला तर हे पडतील आणि सोडला तर सहाव्यांदा येतील. मला ते पडायला हवेत. डॉक्टर म्हणतात विश्रांती. हे गळ्यावरच्या छिद्राला रुमाल बांधून भर पावसात तुंबलेली गटारं बघायला जातात. दारात रोज कोणी ना कोणी उभं. कोणाचा दिवा गेला, कोणाचा कुत्रा भुंकतो. यांना बोलता येत नाही हे लोक विसरतात आणि ते स्वतःही विसरतात. मग तोंड उघडतात आणि काही येत नाही. ते मला बघवत नाही.

लाउडस्पीकरवर मी जे घालते ते मुद्दाम घालते. पार्किंग जाणार हे कागदावर नव्हतंच. मी ते पुन्हा पुन्हा वाचलं.

बाओ-झू माझी मैत्रीण होती. तिच्यासाठीही तो कोपरा व्हायला हवा. तेव्हा मी फार वाईट बाई आहे असं समजू नकोस, थोडी समज.

पत्र वाचून फाड. जेवत जा.
काकू


गांगशान,
१५ जून

चि. यी-रूस आशीर्वाद.

कोपरा सोडायचा नाही. माझ्या निवडणुकीची काळजी तुझ्या बाबांसारखी मनातल्या मनात कर. ते गुपचूप मला मत द्यायचे आणि बाहेर येऊन सांगायचे, दिलं नाही.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी ल्यूकडे गेलो होतो. दाराशी औषधाची पिशवी टांगलेली. विचारलं तर म्हणाला, सभेनंतर च्येन स्वतः गोळ्या आणून देतो. मला वाटलं, मतांसाठी. परत येताना पाहिलं तर च्येन दुकानाकडे निघाला होता. पट्ट्यांशी उभा राहिला, एक पाऊल टाकलं, मागे घेतलं, पुन्हा टाकलं, पुन्हा मागे. मग मान खाली घालून पळाला. पन्नाशीचा, पोट सुटलेला, पांढरा डगला घातलेला माणूस, स्वतःच्या दुकानात पोचण्यासाठी पळत होता. आत जाऊन काउंटरला धरून उभा राहिला.

तो उद्या मला पाडणार असेल. पाडू दे. पण माझ्या वस्तीत त्याने असं पळायला नको.

बाकी साहेबांचं मी बघतो.
तुझा काका


काओशुंग,
२२ सप्टेंबर

ती. काका-काकूंस नमस्कार.

मध्य-शरदाच्या सणाला येऊ शकले नाही, पपनसं पाठवली आहेत. आज कंत्राटदाराने चौथा कोपरा बांधून पूर्ण केला.

काका, जुलैत तुम्ही प्रमुखांचं जाकीट घालून ल्यू आजोबांना घेऊन साहेबांच्या खोलीत येऊन बसलात, त्याची गोष्ट अजून कचेरीत सांगतात. तुम्ही पाटीवर लिहिलेलं साहेबांना पाठ झालंय: “कोपरा राहिला तर लोकांना सांगेन, साहेबांनी सोडला. झाला तर सांगेन, मी करून घेतला. शिव्या मला खाऊ द्या.” ते हसले आणि त्यांनी सही केली.

मी फार दमलेय. पुढचा चौक आलाय, तिथेही सभा आहे. दमले तरी आज बरं वाटलं, एवढं सांगायचं होतं.

काकूला म्हणावं, तिचं म्हणणं पोचलं.
यी-रू


गांगशान,
१० डिसेंबर

चि. यी-रूस पडलेल्या काकाचे आशीर्वाद. निवडून आलेल्याच्यापेक्षा ते कमी लागू पडतात असं नाही.

मी पडलो हे तुला कळलंच असेल. थोडक्यात नाही, चांगला पडलो. तुझ्यामुळे पडलो असं काही जण सांगतील. मनाला लावून घेऊ नकोस. लोकांना दिसत होतं की मी थकलोय. मलाही दिसत होतं.

हरलेल्यानेही मतदारांचे आभार मानायचे, त्या रिवाजाप्रमाणे दुसऱ्या दिवशी फेरी काढली. मी टेम्पोत उभा राहून वाकत होतो आणि काकू माइकवर आभार मानत होती. इतक्या आनंदाने, की दोघांनी विचारलं, निकाल फिरला काय. आवाज गेला असला तरी माझे कान शाबूत आहेत. वर्षभर ती लाउडस्पीकरवर काय करत होती ते मी ऐकत होतो. ती हौस मी तिला करू दिली. तिने तुला काही लिहिलं असेल तर मला सांगू नकोस.

चौकात च्येनचा टेम्पो समोरून आला. कोपरा घट्ट असल्यामुळे त्याच्या ड्रायव्हरला जवळजवळ थांबावं लागलं, आणि आम्ही दोघं अगदी समोरासमोर आलो. त्याने वाकून नमस्कार केला, मीही केला. मागचा ट्रकवाला आम्हा दोघांना शिव्या देत होता, पण थांबून देत होता.

गाऱ्हाणी भरपूर आहेत. भाजीवाल्याच्या गाडीने एका कोपऱ्याची कड फोडली. गिऱ्हाइकं देवळामागे गाडी लावून येतात आणि कुरकुरतात, पण आता ती च्येनपुढे कुरकुरतात. परवा तो घरी आला होता, कोणत्या टेबलावर अर्ज करावा विचारायला. मी तुझं नाव लिहून दिलं, क्षमा कर. ल्यूने त्याला सांगितलंय की गोळ्या आणून देऊ नकोस, मी येईन. येतो. मधल्या ओट्यावर काठी टेकून बराच वेळ उभा राहतो, गरजेपेक्षा जास्तच.

मला सकाळी उठल्यावर काय करावं ते कळत नाही. दारात कोणी नसतं. आलंच कोणी तर सवयीने आलेलं असतं आणि ओशाळून जातं. दोन दिवस मी जाकीट घालूनच बसलो होतो. काकूने ते धुवायला टाकलं आणि अजून वाळलं नाही म्हणते.

तिने ताइतुंगला बहिणीकडे जायचं ठरवलंय, पुढच्या शनिवारी, रेल्वेने, समुद्राच्या बाजूने. पिशव्या भरून झाल्या. लग्नानंतर आम्ही असे कधी गेलो नाही, दरवेळी वस्तीत काहीतरी निघायचं. प्रवासाला गेलेली माणसं दिवसभर काय करतात ते मला खरंच माहीत नाही. तुला माहीत असेल तर लिही. तुझ्या पत्रांवरून वाटतं की तुलाही माहीत नाही. तसं असेल तर रजा टाक आणि शनिवारी स्टेशनवर ये. तिघं मिळून काहीतरी शोधून काढू.

तुझं तिकीट काकूने काढून ठेवलंय. तिला विचारायची सवय नाही.

तुझा काका,
छिंग-शुइ