मोकळं हाय, मोकळं न्हाय

दादा,

जेवायला बसलं की तुम्ही विमानांना वाट देण्याच्या कामांचे नंबर लावायचा, सगळ्यांत अवघड ते पहिलं. पहिला नंबर टॉवरचा. "चार विमानं चार कोपऱ्यांतनं येत्यात, धावपट्टी एकच. एकाला थांब म्हनलं की दुसऱ्याचं तेल संपत आलेलं." दुसरा एरियाचा. बंद खोलीत बसायचं, विमान दिसत नाही, पायलट सांगेल तिथे ते आहे असं धरून चालायचं. शेवटचा नंबर रेंजचा, म्हणजे लढाऊ विमानं जिथे नेमबाजीचा सराव करत त्या रानाचा. त्या वेळी तुम्ही तिथेच होता. "रेंज म्हंजी आराम. एक विमान, एक सवाल. मोकळं हाय का न्हाय, बास." आई तव्यावरची नजर न काढता म्हणायची, "बसून बोलायचा पगार घेता, अन् वर नंबर लावता." तुम्ही हसायचा. तुम्हाला हसताना मी बहुतेक जेवतानाच पाहिलं.

तुम्ही गेल्यावर मी याच कामात आले. टॉवर केला, एरिया केला, मधलं अप्रोचही केलं. उतरू पाहणारी विमानं एकामागे एक ओवायची, कुणाचा वेग कमी करायचा, कुणाला चक्कर मारायला लावायची. टॉवर अवघड आहे, पण तिथे काच असते, चुकत असलं तर दिसतं. एरियात काही दिसत नाही, म्हणून माणूस सावध राहतो. तुमची प्रतवारी मला पटत नाही, हे सांगायला लिहायला बसले आहे.

दुष्काळाच्या वर्षी जामखेडकडचं रान पांढरं पडलं होतं. खडी फोडायच्या कामावर सगळ्यांना घेत नव्हते, म्हणून बायका रेंजमध्ये शिरून रॉकेटचे तुकडे वेचायच्या आणि भंगारात घालायच्या. विमानं ज्यावर नेम धरत ते लक्ष्य टेकाडामागच्या खोलगटात होतं. तुमच्या टॉवरमधून ते दिसत नसे. म्हणून टेकाडावर गावातलाच एक माणूस टेलिफोन घेऊन बसे. तो खाली बघून तुम्हाला सांगे, तुम्ही पायलटला सांगायचा.

त्या सकाळी तुम्ही विचारलं, त्यानं उत्तर दिलं, तुम्ही विमानाला रॉकेट सोडायची परवानगी दिली. खोलगटात दोन बायका होत्या. एक त्या टेकाडावरच्या माणसाची भावजय.

तुम्ही घरी आलात तेव्हा शर्ट कोपरापर्यंत लाल होता. आईनं शर्ट बादलीत घातला, पाणी ओतलं, ते ओतून दिलं, पुन्हा ओतलं. तुम्ही म्हणालात, "गोधडीत गोळा करून आनल्या."

दुपारी टेकाडावरचा तो माणूस आला. अंगणात उभा राहिला, चप्पल बाहेर काढून. त्याला एवढंच हवं होतं की तुम्ही गावात येऊन सांगावं.

"साहेब, मी मोकळं न्हाय म्हनलो हुतो. गाव मला खुनी म्हनतंय. भाऊ कुऱ्हाड घिऊन दारात बसलाय."

"तू हाय म्हनलास."

"न्हाय म्हनलो, साहेब. लाइन खरखरत आसंल."

"लाइन साफ हुती."

"मंग तुमी कानात काय घालून बसल्ते?"

तुम्ही त्याच्या तोंडावर मारलंत. मूठ नाकावर बसली. तो खाली बसला, तर लाथ घातलीत, मग पट्टा काढलात. पट्ट्याचं बकल त्याच्या कानामागे लागलेलं मी दारातून पाहिलं. त्यानं हात वर केले नाहीत. आई मध्ये पडली तेव्हा तिच्याही मनगटावर वळ उठला.

मग तुम्ही जे केलंत ते मला मारण्यापेक्षा जास्त आठवतं. तुम्ही त्याला उठवलंत, अंगणाच्या टोकाला उभं केलंत आणि त्याच्याकडे पाठ करून बसलात, टेलिफोनवर तो दिसत नसे तसे.

"बोल. काय म्हनलास ते बोल."

तो बोलला.

"परत."

तो परत बोलला. दर वेळी ऐकू आलं, मोकळं हाय.

"ऐकलंस?" तुम्ही आईला विचारलंत. "अजून बी हायच म्हनतोय."

दादा, त्याचं नाक फुटलं होतं. रक्तानं भरलं होतं. 'न' नाकातून येतो. नाक बंद झालं की 'न्हाय'मधला 'न' दबतो आणि लांबून 'हाय' तेवढं ऐकू येतं. हे मी पुढे कॉलेजात भाषेच्या तासाला शिकले आणि वर्गातून उठून बाहेर गेले.

चौकशीत तुम्ही तेच सांगितलंत. लाइन साफ होती, तो हाय म्हणाला. त्याचं खोपट रात्रीतून पेटलं. बायको-पोरं घेऊन तो पुणतांब्याकडे कुठेतरी गेला म्हणतात. पुढच्या महिन्यात तुम्ही रेंजवर नवा नियम केलात. टेकाडावरून दोनच शब्द यायचे, 'मोकळं' किंवा 'माणूस'. हाय आणि न्हाय कुणी बोलायचं नाही. नियम चांगला होता. तो का केला, हे तुम्ही कुणाला सांगितलं नाही. जेवताना नंबर लावणंही बंद झालं.

माझ्या हिशेबात रेंज पहिली. बाकी सगळीकडे आपण चुकू असं मनात धरलेलं असतं. जिथे एकच सवाल असतो, तिथे आपल्याला हवं ते उत्तर आधीच कानात तयार असतं.

नवीन आलेल्यांना मी ही गोष्ट शिकवते, तुमचं नाव न घेता. होकार आणि नकार एकसारखे ऐकू येता कामा नयेत, म्हणून. कुणीतरी विचारतंच, मॅडम, मग चूक कुणाची. मी सांगते, लाइन खराब होती. तुम्ही एवढं म्हणाला असता तर तो त्याच्या घरात राहिला असता. तुम्ही म्हणाला नाहीत, म्हणून मी म्हणते. त्याच्यासाठी म्हणते असं मला वाटायचं. तुमच्यासाठी म्हणते; लाइन खराब म्हटली की तुमचा कानही सुटतो.