आपलेपणा मोजायची पट्टी

बाई, आज दुपारी माझ्यावर जो अन्याय झाला त्याची दखल कुठल्याही मानवी हक्क आयोगानं घेतलेली नाही, म्हणून तुम्हाला लिहितो आहे. विद्यापीठाच्या कॅन्टीनमध्ये उकळत्या सुपातल्या नूडल्सचा ट्रे हातात घेऊन मी उभा, समोर चार खुर्च्यांचं रिकामं टेबल, आणि टेबलावर कागदी रुमालांचं एक पाकीट. सिंगापुरात हे पाकीट म्हणजे सातबारा. ज्यानं ठेवलं त्याचं टेबल. मग तो अजून रांगेत कोंबडीचा कुठला तुकडा घ्यावा याचा विचार करत का उभा असेना. खुर्चीला हात लावायची कुणाची छाती होत नाही. बोटं भाजत होती, चष्म्यावर वाफ आली होती, आणि मी, डॉक्टरेट घेतलेला, पन्नाशीकडे कललेला, 'आपलेपणा' या विषयाचा पगार खाणारा मनुष्य, त्या पाकिटापुढे हार मानून कचऱ्याच्या पेटीशेजारी उभ्यानं जेवलो. सूप शर्टावर सांडलं. शर्ट पांढरा होता. इतिहास त्या पाकिटाला क्षमा करणार नाही.

हो, आपलेपणाचा पगार. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तुमच्या काळी असली नोकरी नव्हती, तेव्हा समजावून सांगतो. आमचे साहेब अमेरिकेतून इथं आलेत. मेक्सिको आणि त्याच्या खालच्या देशांमधून अमेरिकेत गेलेल्या लोकांना तिकडे लॅटिनो म्हणतात. त्यांची वयात येणारी मुलं शाळेत कितपत रुळतात, याचा अभ्यास करण्यात साहेबांची हयात गेली. त्यासाठी त्यांनी एक पट्टी तयार केली. 'मी या शाळेचा भाग आहे असं मला वाटतं.' 'इथल्या लोकांना मी हवासा वाटतो.' अशी वाक्यं, आणि खाली एक ते पाच आकडे. एक म्हणजे मुळीच नाही, पाच म्हणजे पुरेपूर. आता हीच पट्टी सिंगापुरात बाहेरून आलेल्यांच्या मुलांना लागू पडते का हे बघायचं आहे. पट्टी शाळाशाळांत वाटण्याआधी थोड्या मुलांसमोर बसायचं आणि प्रत्येक वाक्याचा त्यांना काय अर्थ लागला ते विचारायचं, हे माझं काम. पोराचा एकटेपणा एवढासा, त्यावर साहेब जगतात, मी जगतो, मासिकं जगतात, परिषदेतला समोसे पुरवणारा जगतो. एका उवेवर इतकी माणसं पोसली जाताना मी दुसरीकडे पाहिलेली नाहीत. तुम्ही म्हणाल, घाणेरडी उपमा दिलीस. दिली खरी. पण हल्ली कामावरून परतताना एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, बसल्यावर तोंडाला जी चव येते, तिला दुसरी उपमा मला सुचत नाही.

तर या सगळ्यात आम्हाला एक खरीखुरी लॅटिनो मुलगी सापडली. मेक्सिकोची, पंधरा वर्षांची. बाप केमिकल कंपनीत इंजिनिअर. पहाटे कंपनीच्या बसनं जुरोंग आयलंडला, कारखान्यांच्या बेटावर, जातो. आंतरराष्ट्रीय शाळेची फी कंपनी देत नाही, म्हणून मुलगी उत्तरेकडच्या यिशुनच्या साध्या सरकारी शाळेत. तिचा अर्ज आला तेव्हा साहेबांचा चेहरा पक्षीनिरीक्षकाला अंगणात माळढोक दिसावा तसा झाला. "ही तुम्हीच घ्या," मला म्हणाले, "तुमचा हात हलका आहे." माझा हात हलका आहे हे मला इथं येऊन कळलं. तुमचा नव्हता, माझ्या कानाला अजून आठवतं.

शाळेनं दिलेल्या खोलीत ती माझ्यासमोर बसली आहे. वेणी, गुडघ्यावर शाईचा डाग, इंग्रजीत वाक्याच्या शेपटीला इथलं 'लाह' आणि तिथला सूर. मी पहिलं वाक्य वाचतो. मी या शाळेचा भाग आहे असं मला वाटतं. यावरून तुला काय कळतं?

"भाग म्हणजे कसा, अंकल? भिंत असते तसा?"

"तुला काय वाटतं तसा."

"मग भिंतच. भिंतीला कोणी विचारत नाही लाह, बरी आहेस का म्हणून." मग माझ्या कागदाकडे मान वाकडी करून बघत म्हणते, "इथं लॅटिना लिहिलंय माझ्यापुढे. हे कोणी ठरवलं?"

"तसं म्हणतात."

"घरी होते तेव्हा मी लॅटिना नव्हते. नुसती मुलगी होते. इथं आल्यावर सगळ्या कागदांवर वंशापुढे 'इतर'. आता तुम्ही आलात तर लॅटिना."

मग तिनं आपणहून सांगितलं. इंग्रजीची अडचण नाही, पण मधल्या सुट्टीत टेबलावर इथल्या मुली भराभर बोलतात आणि त्यांचे विनोद तिला उशिरा कळतात. सगळ्या हसून झाल्यावर हिचं हसू येतं. मग त्या हिच्या उशिरा हसण्याला हसतात. "वाईट नाहीत त्या," ती म्हणाली. "पण मी दमते." म्हणून ती हल्ली डबा घेऊन वरच्या मजल्यावरच्या टॉयलेटमध्ये जाऊन खाते, दाराला कडी लावून. आईला वाटतं लेकीला मैत्रिणी मिळाल्या. रोज दोघींना पुरेल एवढं देते. "हे आईला कळायला नको. आणि शाळेत तर नकोच. अंकल, नक्की ना?"

"नाव कुठेच येणार नाही," मी म्हणालो. आम्हाला असंच म्हणायला शिकवतात.

पुढल्या आठवड्यात बैठक होती. महिनाअखेरीला विद्यापीठात कार्यक्रम ठेवला होता; ज्या शाळांनी मुलं दिली त्यांच्या मुख्याध्यापकांना बोलावलं होतं, पालकांनाही बोलावलं होतं. त्यात दाखवायचं म्हणून साहेबांनी बैठकीत पडद्यावर पहिलंच चित्र लावलं: मुलीच्या आकृतीची काळी सावली, आणि शेजारी मोठ्या अक्षरांत तिचं टॉयलेटमधल्या डब्याचं वाक्य, शब्द न् शब्द. खाली: लॅटिना, वय पंधरा, उत्तर सिंगापूर. "धिस इज गोल्ड," साहेब म्हणाले, आणि खरोखर त्यांचे डोळे पाणावले. मला तेच सहन झालं नाही. निर्दय माणूस परवडला. हे पाणी डोळ्यांत आणून सोनं तोलणं परवडत नाही.

माझ्या शेजारची सहकारी इथलीच, चिनी. तिनं खालमानेनं पुटपुटल्यासारखं म्हटलं, "पण अशी ती एकटीच आहे लाह. सगळ्यांना कळणार."

"नाव कुठे आहे?" साहेब चकित झाले. "नाव तर घेतलेलं नाही आपण."

आणि बाई, तिथं त्या गारठलेल्या खोलीत मला आपल्या शाळेतला क्लार्क आठवला. सातवीचा वर्ग, दारात तो, काखेत फाइल. दरवर्षी शिष्यवृत्तीच्या वेळी यायचा आणि तुमचा धडा चालू असताना ओरडायचा, "सवलतीवाले उभे राहा!" आम्ही वस्तीवरची पोरं उभी राहायचो, बाकीचा वर्ग माना वळवून बघायचा, आणि तो बोटानं मोजायचा. तुम्ही त्याला विचारलंत, "अहो, हे असं सगळ्यांसमोर कशाला?" तर म्हणाला, "मी कुठं नाव घेतो कुणाचं, बाई? नुसतं उभं राहा म्हणतो." अगदी हाच चकित चेहरा. अर्धी दुनिया ओलांडून, टाय लावून, पट्टी हातात घेऊन तो माझ्यासमोर बसला होता. आणि या खेपेला त्याची फाइल माझ्या काखेत होती.

तुम्ही त्या दिवशी भाषण केलं नाहीत. खडू ठेवलात आणि म्हणालात, "जा तुम्ही, यादी मी देते." मग रविवारी पाच-सहा पोरांना घरी बोलवायला लागलात. वर्गातल्या सगळ्यांना, आळीपाळीनं. कंत्राटदाराचा मुलगा, तालमीवाल्याचा, डॉक्टरांची मुलगी, आणि त्यात आम्ही दोघंतिघं. स्वयंपाकघरात खाली बसवून मटार सोलायला लावायचात आणि मधेच एकेकाला आतल्या खोलीत हाक मारायचात. कुणाला अक्षरावरून बोलायला, कुणाला गणितावरून झापायला, कुणाची शिष्यवृत्तीच्या कागदावर सही घ्यायला. कोण कशासाठी आत गेलं हे कुणालाच कळायचं नाही, आणि डॉक्टरांची मुलगी तर आमच्यापेक्षा रडवेली होऊन बाहेर यायची. मी पहिल्यांदा आलो तेव्हा तुमच्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेरच थांबलो होतो. तुम्ही कढईतून मान वर न करता म्हणालात, "दारात उभा राहून माश्या आत घेतोयस. आत ये नाहीतर बाहेर जा, मला दार लावायचंय." मी आत आलो. तुमचे पोहे कोरडे ठक्क असायचे, बाई, घशाखाली उतरायला पाणी लागायचं. आणि पाण्याचा माठ तुम्ही दाखवलात तोही हातानं नाही, नुसत्या हनुवटीनं, की घे तुझं तू. तुमच्यापाशी आपलेपणाला एक ते पाच आकडे नव्हते. या किंवा जा, एवढंच होतं. इथल्या मराठी मंडळींच्या गणपतीत पूर्ण नाव विचारतात, आडनाव ऐकतात, आणि मोदक पुढे करणारा हात जरासा मंदावतो. साहेबांची पट्टी खरं तर तिथं न्यायला हवी. तिथं ती चालेल, अर्ध्याअर्ध्या गुणांपर्यंत.

बैठकीत मी काय केलं ते तुम्हाला आवडणार नाही. मी 'माणुसकी' म्हटलं नाही, 'शब्द दिला आहे' म्हटलं नाही. माझा इथं राहायचा पास या प्रकल्पावर आहे. प्रकल्प गेला की पास गेला, पास गेला की फ्लॅट आणि पोराची शाळा. तेव्हा मी घसा साफ करून 'रिस्क' म्हटलं. उद्या बापानं तक्रार केली तर, विद्यापीठाच्या नीतिसमितीनं विचारलं तर, मासिकानं लेख परत पाठवला तर. लेख म्हटल्याबरोबर साहेबांचे डोळे कोरडे झाले. "गुड पॉइंट," म्हणाले. सावली गेली, सोनं गेलं, त्या जागी एक निळा स्तंभालेख आला. माझी सहकारी टेबलाखालून माझ्या बुटावर बूट आपटून म्हणाली, "बॉस, पुढच्या वेळी मी बोलले की लगेच बोल, कॅन?"

पण अहवालाच्या शेवटी ते वाक्य 'नमुन्यादाखल' ठेवू, असं साहेब जाता जाता म्हणालेच. तेव्हा मी काल शाळेत गेलो. दिलेली माहिती परत घ्यायचा हक्क मुलांना असतो. संमतीपत्रात तो लिहिलेला आहे, कुणी वाचू नये इतक्या बारीक अक्षरात. तो मी तिला मोठ्यानं वाचून दाखवला. हवं तर सगळं काढून टाकता येईल, म्हटलं. माझं कोणी काही करू शकणार नाही, असंही म्हटलं. शेवटचं खोटं होतं, पण ते तिला कशाला.

तिनं विचार केला. "टॉयलेट काढा," म्हणाली. "आणि लॅटिना काढा. उशिरा हसण्याचं राहू दे. ते खरंय, आणि इथं फिलिपिन्सहून आलेल्या मुलीचंही तसंच होतं, तिनंच मला सांगितलं."

मी तिच्या देखत लॅपटॉपवर वाक्य पुसलं. ध्वनिमुद्रणातला तेवढा तुकडा पुसला. तिनं स्वतः वाकून खात्री केली, बँकेत करतात तशी. मग जाऊ का म्हणून उठली.

"थांब," मी म्हणालो. आमच्या शिकवणीत मुलाखत घेणाऱ्यानं स्वतःचं काही सांगायचं नसतं; उत्तरं बिघडतात. पण तिच्याकडून मी एक गुपित घेतलं होतं आणि माझ्याकडून तिला काहीच गेलं नव्हतं. म्हणून सांगितलं, की तुझ्या वयाचा असताना मधल्या सुट्टीत मी घरी जेवायला जातो म्हणून सांगायचो. घर लांब होतं. मी कापसाच्या जिनिंगच्या मागच्या भिंतीआड बसून खायचो, आईनं डब्यात काय दिलंय ते कुणी वास घेऊन ओळखू नये म्हणून. "एवढ्या उन्हात?" तिनं विचारलं. "भिंतीची सावली पडायची," मी म्हणालो. तिनं मान हलवली, जणू हिशेब पटण्यासारखा होता, आणि वर्गात गेली.

हे मी तुम्हाला कधी सांगितलं नव्हतं, बाई. तुम्ही विचारायचात, "घरी जेवून आलास?" आणि मी हो म्हणायचो. आलो नव्हतो.