होडी दीड हात मागे

बाबा, गेल्या आठवड्यात आपल्या गॅरेजात एक होडी आली. तुम्ही असता तर आधी हसला असता आणि मग म्हणाला असता, दरवाजा ओढून घे, नाहीतर अख्खं मरोळ बघायला येईल. आलंच. शेजारच्या लेथवाल्यापासून चहावाल्यापर्यंत सगळे तिच्यावरून हात फिरवून गेले. आपल्याकडे ट्रक झाले, टेम्पो झाले, शाळेच्या बस झाल्या, पण होडी ही पहिलीच. फायबरची, पांढरी, मागच्या टोकाला इंजिन लावलेलं, दोन चाकांच्या ट्रॉलीवर बसवलेली, आणि ती ट्रॉली एका मोठ्या एसयूव्हीच्या मागे हुकाला अडकवलेली. खरं सांगायचं तर ती गेल्या आठवड्यात पहिल्यांदा नाही, तिसऱ्यांदा आली होती. त्याआधी दोनदा मी काम करून पाठवलं होतं आणि दोन्ही वेळा ती जास्त बिघडून परत आली होती. हे आणि यामागचं जुनं खरं मी तुम्हाला लिहून सांगते आहे, कारण तोंडाने सांगायची हिंमत तुम्ही होतात तेव्हाही नव्हती, आणि आता तर तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली.

गाडीवाला वेसाव्याचा. वडिलांची मासेमारीची मोठी बोट होती, ती कधीच विकली, हा नोकरीला लागला. पण पाणी काही अंगातून जाईना, म्हणून ही लहानशी होडी घेतली. सुट्टी आली की ती गाडीमागे जोडायची आणि बायकोच्या माहेरच्या खाडीत नेऊन सोडायची, एवढीच त्याची हौस. पहिल्यांदा आला तेव्हा म्हणाला, "ताई, नुसती गाडी एकदम मख्खन चालते. होडी लावली की वाट लागते. मागून कोणीतरी लाथा घालतंय असं वाटतं. त्या ट्रॉलीच्या कमानी जरा कडक करून द्या ना." मी लगेच दोन्ही चाकांवरच्या कमानींत, त्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगांत, एकेक पाटा वाढवून दिला. ट्रॉली जास्तच उडायला लागली. दुसऱ्यांदा आला तेव्हा गाडीचे मागचे दोन्ही शॉकअप बदलले. काही फरक नाही. तिसऱ्यांदा तो फार सभ्यपणे म्हणाला, "रागावू नका ताई, पण उद्या सकाळी निघायचंय. आज नाही झालं तर मी दुसरीकडे दाखवतो." त्याने आवाज चढवला असता तर परवडलं असतं.

माझी खरी अडचण काय होती ते तुम्हाला कधीच कळलं नाही, कारण मी कळू दिलं नाही. मी नववीत होते तेव्हा शाळा सुटली की वाकोल्याहून बस पकडून गॅरेजात यायचे. आरेतल्या तबेल्यांना चारा पोचवणारे टेम्पो तुमच्याकडे यायचे, आणि कुठलाही टेम्पो आदळतो म्हणून आला की तुम्ही त्याच्याखाली शिरायच्या आधी त्याच्या मागच्या हौद्यात जाऊन बसायचात. मलाही बसवायचात. ड्रायव्हर आरेच्या रस्त्याला लागतो, आपण दोघं चाऱ्याच्या काड्यांत मांडी घालून बसलेलो, आणि तुम्ही म्हणता, "डोळे मिट. धक्को खयसून इलो ता सांग. बुडातसून, पायातसून काय मानेतसून?" धक्का बुडातून आला तर कमान किंवा टायर, पायातून आला तर पुढचं काही, मानेतून आला तर सामान चुकीचं भरलंय. सगळी विद्या एवढीच. तुम्ही डोळे मिटायचात. मी मिटायचे नाही. एक डोळा किलकिला करून तुमच्या चेहऱ्याकडे बघायचे. बुडातून धक्का आला की तुमचे ओठ एका बाजूला ओढले जायचे, मानेतून आला की भुवया वर जायच्या. त्यावरून मी उत्तर द्यायचे. एकदाही चुकले नाही. मला स्वतःला एकदाही काहीही कळलं नव्हतं.

रात्रीचं जेवण व्हायच्या आत तुम्ही ते आईला सांगायचात. स्वयंपाकघर केवढंसं, आईपुढे चुलीऐवजी गॅस एवढाच फरक, बाकी ती गावच्यासारखीच उकिडवी बसून तवा सांभाळायची. तुम्ही साबणाच्या चुऱ्याने कोपरापर्यंत हात घासत सांगताय, "पोरीक कळता गो. माका कळाक पाच वर्सां गेली. हिका बसल्याबरोबर कळता." आई माझ्या ताटात बांगड्याचा मधला तुकडा घालते. दादा बाजूलाच बसलेला, त्याला शेपटीकडचा. तो तुकडा मी नेहमी सगळ्यात शेवटी खायचे. पुढे तुम्ही गॅरेज माझ्या नावाने केलं ते याच जोरावर. दादाला वाईट वाटलं, पण तो म्हणाला, तिला कळतं, मला नाही कळत, बरोबर आहे. आज तो मुलुंडला चांगल्या नोकरीत आहे, माझ्याशी छान वागतो, आणि तरी तो समोर आला की मला अजून चोरट्यासारखं होतं.

तुम्ही मला एकदाच रागावलात, तेही गिऱ्हाईकासमोर. एक मिनीबस आली होती, मी तिच्याकडे नुसतं बघून म्हटलं, पाटा तुटला असेल, आणि जॅक लावायला घेतला. तुम्ही माझ्या हातातून जॅकचा दांडा काढून घेतलात. "गाडयेत बसल्याशिवाय गाडयेखाली जाव नको." मला वाटलं, पकडले गेले. पण तुमच्या मनात तसलं काही नव्हतं. पुढच्याच आठवड्यात तुम्ही गाडीखाली सरकायला मला चाकांची फळी करून दिलीत, माझ्या उंचीला कापलेली, डोक्याकडे रेक्झिनची उशी ठोकलेली, केस चाकात जाऊ नयेत म्हणून बाजूला पत्र्याची किनार वळवलेली. कोणाला इतकं फसवावं आणि त्याने वर उशी द्यावी, असं झालं होतं मला.

तुम्ही गेल्यावर बघायला चेहराच उरला नाही. मग मी एक पद्धत काढली. कळत नसलं तर बदलायचं. बुश बदल, शॉकअप बदल, पाटा घाल. बहुतेक गाड्या त्यानेही बऱ्या होतात, म्हणून माझं नाव टिकलं. पाटीवर अजून तुमचंच नाव आहे आणि लोक म्हणतात, मुलगी बापासारखीच आहे. ही होडी मात्र बधली नाही. तिसऱ्यांदा ती दारात उभी राहिली तेव्हा माझ्याकडे बदलण्यासारखं काही उरलं नव्हतं. तो दुसरीकडे गेला असता तर काम गेल्याचं दुःख नव्हतं. मला भीती वाटली ती ही, की आज आपल्याला स्वतःलाच नक्की कळणार, आपल्याला येतं की नाही.

मी जॅक भिंतीला लावून ठेवला आणि म्हटलं, "तुम्ही चालवा. मी मागे बसते." मागच्या सीटवर त्याची आई आधीच बसलेली होती. होडीत कोणी चपला घालून चढू नये यावर लक्ष ठेवायला ती तिन्ही वेळा आली होती. मला बघून सरकली आणि म्हणाली, "ये बाय, बस. तुला पण गाडी लागते का?" आम्ही आरेच्या रस्त्याला लागलो. आता तबेल्यांची वस्ती सोडली तर तिथे बरंच बदललंय, पण गतिरोधक आहेत तिथेच आहेत. मी डोळे मिटले. पहिल्या गतिरोधकावर नुसतं आदळलो. दुसऱ्यावर सवयीने माझा एक डोळा उघडला आणि मी आजींच्या चेहऱ्याकडे बघितलं. आजी पुडीतले शेंगदाणे खात होत्या. त्यांच्या चेहऱ्यावरून शेंगदाणे खारे आहेत यापलीकडे काही कळण्यासारखं नव्हतं. मला हसू आलं, आणि ते हसू आल्यामुळे की काय कोण जाणे, मी पहिल्यांदाच खरोखर डोळे मिटून अंग सैल सोडलं.

तिसऱ्या गतिरोधकावर मला ते लागलं. धक्का खालून आला नव्हता. आधी मी क्षणभर हलकी झाले, सीट मला मागून उचलत होती. मग आदळली, आणि मग मानेत झटका. पुन्हा पुढच्या खड्ड्यात तसंच, आधी हलकं, मग आदळणं, मग मान. बाबा, माझ्या अंगावर काटा आला. होडीने गाडीवर थोडं तरी वजन टाकायला हवं ना? ती उलट गाडीची शेपटी उचलत होती. म्हणजे ट्रॉलीचं वजन चाकांच्या मागे होतं. मी ओरडलेच, "थांबवा!" त्याने दचकून गाडी कडेला घेतली. ट्रॉलीच्या चाकांना दगड लावले, हुक सोडवला आणि मी ट्रॉलीचा पुढचा दांडा उचलून बघितला. तो दोन हातांनी कण्हत उचलावा लागायला हवा. माझ्या दोन बोटांवर आला.

मग दिसलं, आणि एकदा दिसल्यावर आधी कसं दिसलं नाही याचीच लाज वाटली. ट्रॉलीच्या पुढच्या टोकाला एक लोखंडी खांब असतो. होडीची नाळ, म्हणजे तिचं पुढचं टोक, त्या खांबाला टेकून बसायला हवी. इथे मधे चांगलं दीड हात अंतर होतं. मी विचारलं, "होडी एवढी मागे का बसवली?" गाडीवाला आईकडे बघायला लागला. आजी खाली उतरल्या, पदर खोचला आणि म्हणाल्या, "मीच सांगलं त्याला, होरी जरा मांगं घे. तिची पूजा केलीय मी. नालीवरचं हलद-कुकू त्या लोखंडाला घासून जातंय ना!" बघितलं तर नाळेवर खरंच हळदीकुंकवाची बोटं होती, वर झेंडूचं सुकलेलं फूल चिकटपट्टीने लावलेलं. तो म्हणाला, "आई, त्यामुळे मी तीन वेळा ताईंकडे आलो." आजी म्हणाल्या, "मग मला इचारलं कोणी?" कोणी नव्हतं विचारलं. मी तर अजिबात नव्हतं विचारलं.

आता होडी पुढे घ्यायची तर कुंकू पुसलं जाणार. आजींनी थोडा विचार केला, गाडीतल्या पिशवीतून करंडा काढला आणि त्या लोखंडी खांबालाच हळदीकुंकू लावलं. "आता तो पन घरचाच झाला. टेकवा." आम्ही दोघांनी खांबावरची चरखी फिरवून, पट्टा ओढून होडी पुढे घेतली. दांडा उचलून बघितला, माझ्याकडून कण्हणं निघालं. परत येताना लाथा बंद. गाडीवाला वळून वळून सांगत होता, "झकास ताई! एकदम झकास!"

पण मी डोळे मिटूनच होते आणि मला अजून एक धक्का लागत होता. लहान, टणक, सरळ बुडातून. तो कोणाचा ते मला लगेच कळलं. पहिल्या दिवशी न बसता, न विचारता मी जे दोन पाटे वाढवले होते, ते बोलत होते. गाडीवाल्याला ते कळलं नसतं. तो खूश होता. मी म्हटलं, "अजून झालं नाही. ते जास्तीचे पाटे काढायला हवेत. ते घालण्यात माझं चुकलं." तो म्हणाला, "अहो, मीच सांगितलं होतं ना कडक करा म्हणून!" मी म्हटलं, "सांगणारे तुम्ही, पण घालणारी मी." गॅरेजात येऊन मी फळीवर आडवी झाले आणि दोन्ही पाटे काढून दिले. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याचा फोन आला. घाट उतरून पोचले होते, आणि आजी सगळा वेळ मागे झोपल्या होत्या.

हे पत्र मी जॉबकार्डांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिते आहे आणि ते कुठे जाणार नाही हे मला माहीत आहे. माफी मागायला घेतलं होतं. तुमचा चेहरा वाचून तुम्हाला इतकी वर्षं फसवलं त्याची. पण लिहिता लिहिता लक्षात आलं की मला सांगायचं आहे ते वेगळंच आहे, आणि ते फोनच्या आदल्या संध्याकाळचं आहे. मी घरी गेले, हात धुतले, जेवायला बसले. होडीचं सगळं मुलीला सांगितलं, आजींचं, शेंगदाण्यांचं, दोन बोटांवर आलेल्या दांड्याचं. ती हसली, आणि मग एकदम म्हणाली, "आई, आज आजोबांचं नाव एकदाही नाही काढलंस." खरं होतं. रोज माझं एक तरी वाक्य तुमच्यापासून सुरू होतं. त्या दिवशी त्या हलकं होण्याच्या क्षणापासून ताटावर बसेपर्यंत, बाबा, मला तुमची आठवण आली नव्हती. मला वाटलं, आता वाईट वाटेल. वाट बघितली. नाही वाटलं. मी आणखी भात वाढून घेतला.