तुझा बोर्ड आणि माझा सेट

आई,

तुझं टेलिफोन एक्स्चेंज बंद झालं त्या दिवशी तू घरी आलीस आणि पिठाचा डबा उघडलास. पाटणला टेकडीवर नवा मनोरा उभा राहिला होता. त्याच्या तबकड्या आता हवेतूनच आवाज नेणार होत्या, आणि दोन माणसांच्या मध्ये तिसरं कुणी लागणार नव्हतं. मी विचारलं, "वाईट वाटतंय का?" तू म्हणालीस, "डोंगरात तार तुटायची भानगड गेली. लोकांचं बरं हुईल. मला काय, बसवतील दुसऱ्या टेबलाव." मग बराच वेळ कानामागचे केस सारखे करत राहिलीस, जिथं हेडफोनचा पट्टा बसायचा. तुला बरं वाटत होतं की वाईट, मला कळलं नाही.

तुझ्या स्विचबोर्डावर पलटणीतून ट्रंक कॉल आला की तू त्या जवानाच्या बायकोला बोलावणं धाडायचीस आणि ती धापा टाकत येईपर्यंत लाइन धरून ठेवायचीस. एकदा मात्र जवान गेल्याचीच खबर आली. त्याच्या घराशेजारी फोन होता, पण तू तो जोडला नाहीस. ड्यूटी संपल्यावर मला घेऊन चालत त्याच्या घरी गेलीस. वाटेत एवढंच म्हणालीस, "वाईट सांगावा तारंवरनं द्यायचा न्हाई. समोर बसून द्यायचा."

तू गेल्यावर मी सांगलीकडच्या एका साखर कारखान्यात लागले. तिथं वायरलेस सेट आले होते. आधी कुठल्या फडात ऊस तुटून पडलाय हे कळायला माणूस मोटारसायकलवर जायचा, तोवर गाड्या उभ्या. सेट आल्यावर मी ऑफिसातून बटण दाबून विचारायचे आणि लगेच उत्तर यायचं. हळदीचे व्यापारी कमरेला पेजर लावून हिंडत होते, द्राक्षवाले मुंबईचा भाव गाडी निघायच्या आत विचारत होते. सगळ्यांनाच घाई सुटली होती.

एका दुपारी औंधकडून ऑफिसात फोन आला. आमच्या एका ट्रॅक्टरवाल्याचे वडील तिकडं गावी वारले होते. तो लांबच्या फडावर होता. सेटवर बोललेलं सगळ्या फडांवर ऐकू जायचं. मी बटण दाबलं आणि म्हणाले, "ट्रॅक्टर दुसऱ्याच्या हाती दे, जीपनं इकडं ये." आमचे शेतकी अधिकारी बाजूलाच होते. ते म्हणाले, "सांगून टाका की, बाई. सेट कशाला दिलाय?" मी नाही सांगितलं. तो आला, त्याला खुर्ची दिली, पाणी दिलं, मग सांगितलं. तो म्हणाला, "ताई, तितंच कळलं असतं तर परस्पर गावाकडं गेलो असतो."

कारखान्याची जीप घेऊन तो तसाच निघाला, पण पोचला तेव्हा चिता विझत आली होती. वडिलांचे दिवस उरकून कामावर आला तेव्हा मीच विषय काढला. तो म्हणाला, "फडात कळलं असतं तर तितंच बसलो असतो का पळालो असतो, ठाऊक न्हाई. तुमी माणसागत सांगितलंसा. पर बापाचं तोंड बघायचं ऱ्हायलं, ते बी खरंच हाय." आणि ट्रॅक्टरकडे गेला. मी दोन्ही वाक्यं घेऊन बसले. त्यातलं कुठलं खरं मानायचं? तू असतीस तर काय केलं असतंस? तुझ्या बोर्डावर एका वेळी दोघंच बोलायचे, माझ्या सेटवर सगळे ऐकायचे. तुझा नियम त्या दोघांसाठी होता की सगळ्यांसाठी, हे विचारायचं राहून गेलं.

आता माझ्या पर्समध्ये मोबाइल असतो. पलटणीतला नवरा शेतातल्या बायकोशी थेट बोलतो, चांगलं आणि वाईटही. कुणी कुणाला बसायला खुर्ची देत नाही. हे बरं झालं की नाही, मला अजून ठरवता येत नाही.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, म्हणून एक सांगते. तो सेट मला फार आवडायचा, आई. बटण दाबलं की चारी दिशांनी माणसं बोलायला लागायची आणि मला हसू यायचं. तुझं काम ज्यानं नेलं, त्याच जातीचं, हवेतून आवाज नेणारं ते यंत्र होतं, आणि तरीही रोज सकाळी मी त्याच्यासाठी लवकर जायचे.