पुढे माझंच आहे

मी, खाली सही करणारी, उंचावर काम करणाऱ्यांसाठी सुरक्षा-पट्टे शिवणाऱ्या कारखान्याची मालकीण, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहिते. माझे डोके ठिकाणावर असल्याचे डॉक्टरांनी लिहून दिले आहे. पुतण्यानेही कागद आणून देताना तशी खात्री करून घेतली होती. तो आत्ता दाराबाहेर बसला आहे. काकूचा राग दुपारपर्यंत उतरतो, असा त्याचा अनुभव आहे.

१. राहती खोली व बँकेतील शिल्लक नणंदेला. जन्मभर टोमणे मारले, पण दुखण्यात उशाशी तीच बसली.

२. कारखान्याविषयी. आमच्याकडे शिवणाऱ्याने आपणच शिवलेला पट्टा बांधून आढ्याच्या हुकाला लटकायचे, आणि ढिगातून तो पट्टा निवडायचा दुसऱ्याने, ही माझ्या यजमानांनी लावलेली शिस्त. पुतण्या हल्ली आपला पट्टा आपणच निवडू लागला. मला खटकले. आज सकाळी मी त्याच्या ढिगातला एक पट्टा उसवला. आत उशीचे अभ्रे शिवायचा दोरा निघाला. आमचा जाड दोरा तो बाहेर विकत होता.

"काकू, आधी उरलासुरलाच नेत होतो. कुणी काही बोललं नाही. आणि पुढे सगळं माझंच आहे ना? घरातलं घेतलं तर चोरी कसली?"

तो हे मनापासून बोलत होता, याचीच मला भीती वाटली. त्याने खाली मान घातली असती तर दोन थोबाडीत देऊन मी मोकळी झाले असते. मी त्याच्याच ढिगातला दुसरा पट्टा पुढे केला.

"लटक."

"आज पाठ धरलीये, काकू."

म्हणजे त्याला सगळे ठाऊक होते. अंगाखांद्यावर खेळवलेल्या पोराची किळस यावी, हे मला फार लागले आहे.

३. सबब कारखाना, मशिनी व नाव, सगळे ज्या शिलाईवालीला 'खडूस' म्हणतात, तिला. पट्टा निवडण्यावरून ती माझ्याशीही भांडते. पुतण्याला काही नाही. कारखाना त्याचा नव्हता आणि होणारही नाही.

४. हे कलम माझ्या मरणाची वाट पाहणार नाही. त्याने शिवलेले पट्टे वापरणाऱ्या सगळ्यांना खडूसने फोन लावले. एक सोडून सगळे खाली उतरले. त्या एकाकडे ती स्वतः धावली आहे. मला चालवत नाही, म्हणून मी लिहीत बसले आहे.

ठिकाण: कारखान्यामागची खोली. तारीख डॉक्टरांनी सहीखाली घातली आहे.

सही: मालकीण

साक्षीदार पहिला: डॉक्टर. सही केली.

साक्षीदार दुसरा: शेजारचा रंगारी. सकाळी आमचाच पट्टा बांधून कामावर गेला. फोन उचलत नाही. सहीची जागा मोकळी ठेवली आहे.