आधी पाण्याचे उंदीर

६ जानेवारी
संपलं! डॉक्टरांनी सांगून टाकलं — प्रयोगशाळेतल्या उंदरांच्या खोलीत पुन्हा पाऊल टाकायचं नाही. "अ‍ॅलर्जी आहे, वाढतच जाणार. दम्याशी चेष्टा नको." सहा वर्षं ज्यांना तळहातावर खेळवलं, त्यांच्याच केसांनी माझा श्वास अडकतो म्हणे!

आमच्या प्रमुख मॅडम म्हणाल्या, खालच्या मजल्यावर संख्याशास्त्राच्या विभागात माणूस हवाय. "तिथे कोणी चावत नाही." सहा वर्षं त्यांच्या हाताखाली काढली, आणि निरोप हा असा.

दादाला फोन केला. तो हसला. "उंदरांची मावशी रिटायर झाली?" मग हळूच — "औषधाचं काही थांबणार नाही ना?" नाही रे बाबा. औषध कधीच पुढे गेलंय. एप्रिलमध्ये माणसांवरची चाचणी सुरू होईल, आणि यादीत पहिलं नाव दादाचंच आहे. त्याचे स्नायू झिजत चाललेत. म्हणून तर मी या कामात पडले.

९ जानेवारी
नवी खोली. खिडकी, फळा, चार कॉम्प्युटर. कसलाही वास नाही. जेवणाआधी तीनदा हात धुतले — सवय! इथले प्रमुख कायम खडूने माखलेले असतात, त्यांना सगळे मास्तर म्हणतात. मला विचारलं, "सरासरी म्हणजे काय?" मी सांगितलं. "चूक नाही," म्हणाले. बरोबर आहे असंही म्हणाले नाहीत.

२० जानेवारी
पस्तिसाव्या वर्षी पाटी-पेन्सिल! प्रोग्रॅम लिहिला की तो लाल अक्षरांत माझ्यावर ओरडतो.

२१ जानेवारी
आज ओरडला नाही. उत्तर मात्र चुकलं.

२ फेब्रुवारी
मास्तर वैतागले. "पुस्तकातली उदाहरणं सोडा. स्वतःचे आकडे आणा. ज्यांच्यावर जीव आहे असे." मी तडक वर जाऊन आमच्या औषधाच्या वह्या आणल्या. बारा पिंजरे, शहाण्णव आजारी उंदीर. निम्म्यांना औषध, निम्म्यांना नुसतं पाणी. मग प्रत्येक जण तारेला किती सेकंद लटकतो ते मोजायचं. शेवटी औषधवाले जवळजवळ दुप्पट लटकले होते! सगळा डोलारा त्याच्यावरच उभा आहे.

दादाला या तारेचं भारी कौतुक. दोन वर्षं झाली, रोज सकाळी वहिनी स्टीलची बाटली गळ्यापर्यंत भरून देते, तो हात सरळ लांब करून ती धरतो, वहिनी सेकंद मोजते, तो वहीत लिहितो. "तुझे उंदीर लटकतात, मी बाटली धरतो. बघू कोण जिंकतं."

११ फेब्रुवारी
नीट लिहिते. घाई नको.

औषध सुरू करण्याआधी, अगदी पहिल्या दिवशी, मी सगळ्यांना एकदा तारेला लटकवून घेतलं होतं. तो रकाना सहा वर्षांत कोणी उघडून बघितला नव्हता. मीही नाही. आज बघितला. औषधवाले तेव्हाही दुप्पट लटकले होते. औषधाचा थेंब पोटात नसताना!

मास्तरांनी खडू खाली ठेवला. "पिंजऱ्यातून उंदीर कसे काढलेत?"
"हाताने."
"आधी कुठले?"

आधी पाण्याचे. औषध बर्फात ठेवावं लागतं, एकदा कालवलं की तासाभरात वाया जातं. म्हणून पाणीवाले आधी उरकून घ्यायचे. पिंजऱ्यात हात घालायचा, जे पहिले चार हाती लागतील ते पाण्याचे, उरलेले चार औषधाचे.

आणि पहिला हाती कोण लागतो? ज्याला पळता येत नाही तो.

दुबळे सगळे मी पाण्याच्या गटात घातले, चपळ सगळे औषधाच्या. चिठ्ठ्या टाकायच्या असतात! एवढं साधं. मला वाटलं, न बघता हात घातला म्हणजे झालं.

१२ फेब्रुवारी
चार वेळा पुन्हा करून बघितलं. सुरुवातीचा फरक वजा केला की खाली काहीच उरत नाही.

गप्प बसले तर? कोणाला पत्ता लागणार नाही. मास्तर म्हणाले, "आकडे तुमचे आहेत, सांगायचं तुम्ही." पण चाचणीत जायचं तर दादाला त्याच्या श्वासाच्या गोळ्या बंद कराव्या लागतील. त्या थोड्या तरी उपयोगी पडताहेत. त्या बंद करायच्या त्या कशासाठी?

१५ फेब्रुवारी
मॅडमना सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा पुसला. "तुझ्या वहीवर दर आठवड्याला माझी सही आहे," एवढंच म्हणाल्या. मग — "लेखी दे. मी वर पाठवते." दारापर्यंत सोडायला आल्या. त्या कधी कोणाला सोडायला येत नाहीत. मी जिन्यात बसून ढसाढसा रडले.

२६ फेब्रुवारी
चाचणी रद्द.

१ मार्च
दादाकडे गेले. एका दमात सांगितलं, पाठ केल्यासारखं. तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "म्हणजे औषध मला मिळणार नाही असं नाही. औषधच नाही."

"औषधच नाही, दादा."

वहिनी उठली, बादली घेऊन कपडे वाळत घालायला गेली. बादली रिकामी होती.

"मी तुझ्या पिंजऱ्यात असतो तर पहिलाच सापडलो असतो," दादा म्हणाला, आणि हसला. हसायला हवं होतं मीही, तेवढ्यासाठीच तो बोलला. नाही जमलं. त्याला आशा लावली मी, आणि काढून घेतली तीही मीच. परत येताना दोन थांबे पुढे गेले, कळलंच नाही.

१८ मार्च
दादाने वही पुढे केली. "हे आकडे तरी खरे आहेत ना? मग काढ रेघ."

"कशाला दादा?"

"उंदरांची काढतेस, भावाची काढायला काय होतं?"

काढली. दोन वर्षांपूर्वी नव्वद सेकंद, आता तेरा. इतकी सरळ उतरणारी रेघ मी आजवर बघितली नव्हती. ती शून्याला कुठे टेकते, त्याने विचारलं. खोटं बोलायची हिंमत आता माझ्यात उरलेली नाही. वीस जुलैच्या आसपास, म्हटलं. त्याने तो कागद पलंगासमोरच्या भिंतीला चिकटवून घेतला. वहिनी बाटली उचलून आत निघून गेली.

५ मे
मास्तरांनी पहिल्यांदा "बरोबर" म्हटलं. घरी येऊन कोणाला सांगू, सुचलं नाही.

२० जुलै
आजचा दिवस. सुट्टी काढून सकाळीच गेले. दादा उशीला टेकून बसला होता, दाढी करून! वहिनीने बाटली दिली. हात लांब झाला. मी मोजले — अकरा.

"चुकली तुझी रेघ!" केवढा आनंद! वही दाखवली: मार्चनंतर आकडे फारसे खाली उतरलेच नव्हते. मी वही ओढून घेतली. काहीतरी थांबलंय. मी न मोजलेलं काहीतरी त्याला लागू पडलंय!

मग वहिनीने बाटली परत घेतली आणि ती डुचमळली. गळ्यापर्यंत भरलेली बाटली कधी वाजत नाही.

स्वयंपाकघरात गाठलं तिला. नळ सोडून, पाठमोरीच बोलली. "दर पंधरा दिवसांनी बोटभर कमी भरते. ती रेघ भिंतीला लागली त्या दिवसापासून. आता अर्धीसुद्धा नसते."

"अगं, पण सगळे आकडे खोटे झाले!"

"तुझं खरं तुझ्या कॉम्प्युटरमध्ये ठेव. मला रोज सकाळी त्याचं तोंड बघायचं असतं."

भांडायला शब्द होते. भांडले नाही. दादाला मात्र सांगायला हवं. सांगायलाच हवं. सांगितल्याशिवाय घरी आले.

२८ जुलै
वहिनी दोन दिवसांसाठी माहेरी गेली आहे, म्हणून दादाकडे राहायला आले. सकाळी बाटली नळाखाली धरली आणि हात तसाच थांबला. किती भरू?

आतून दादाची हाक आली. "उंदरांच्या मावशे, तुझ्यासारखी गळ्यापर्यंत नको हं. तुझी वहिनी भरते तशी भर."